सदनिका-भाडेपट्ट्याची मुदतवाढ (इंग्लंड व वेल्स)

दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतलेल्या सदनिकेची मुदत, जमीनमालकास मोबदला देऊन, वाढवून घेण्याचा पट्टेदाराचा कायदेशीर हक्क. इंग्लंड व वेल्समध्ये सदनिकांची विक्री बहुधा ९९, १२५ किंवा ९९९ वर्षांच्या पट्ट्याने होत आली आहे. खरेदीदार मोठी किंमत देतो. परंतु जमीन व इमारत यांची निरपेक्ष मालकी जमीनमालकाकडेच राहते आणि मुदतीअखेर सदनिकेची मालकीही त्याच्याकडे परत जाते. यास ‘प्रत्यावर्तन’ म्हणतात. त्यामुळे पट्टेदाराची मालमत्ता वर्षागणिक झिजते. मुदत थोडी उरली की तिच्यावर गहाणकर्ज मिळणे व ती विकणे कठीण होते. ही झीज कोणी सोसावयाची, हाच मुदतवाढीच्या कायद्यामागील मूळ वाद होय.

उगम : लंडनमधील जमिनीचा मोठा भाग काही सरदार घराण्यांकडे होता. १६७७ मधील एका विवाहामुळे ग्रोव्हनर घराण्याकडे आलेल्या जमिनीवर पुढे मेफेअर व बेलग्रेव्हिया या वस्त्या उभ्या राहिल्या. अशा जमिनी न विकता पट्ट्याने दिल्या जात. बांधणारा स्वखर्चाने घर बांधी व अल्प भूभाडे देई. मुदत सरताच जमिनीबरोबर घरही मूळ घराण्याकडे जाई. दक्षिण वेल्सच्या कोळसा-खोऱ्यांतील कामगारांची असंख्य घरेही याच पद्धतीने बांधली गेली. सदनिकांच्या बाबतीत आणखी एक कारण होते. निरपेक्ष मालकीच्या जमिनीवरील दुरुस्ती, खर्च इत्यादींसंबंधीचे कर्तव्यरूप करार पुढील खरेदीदारावर बंधनकारक नसतात, हे तत्त्व १८८५ मध्ये ऑस्टरबेरी खटल्यात दृढ झाले. सामाईक छप्पर, जिने व भिंती यांची देखभाल सर्वांवर बंधनकारक करण्यास पट्टा हेच सोयीचे साधन ठरले.

विधिनियम : १९५४ च्या अधिनियमाने मुदत संपलेल्या पट्टेदारास भाडेकरू म्हणून राहण्याचे संरक्षण दिले, मालकी मात्र दिली नाही. वेल्समधील पट्टे १९६० नंतर संपत आले, तेव्हा हा प्रश्न तीव्र झाला. मजूर पक्षाच्या शासनाने १९६७ मध्ये केलेल्या अधिनियमाने घरांच्या पट्टेदारांना निरपेक्ष मालकी विकत घेण्याचा किंवा ५० वर्षांच्या मुदतवाढीचा हक्क मिळाला. सदनिका मात्र त्यातून वगळल्या होत्या. वेस्टमिन्स्टरच्या दुसऱ्या ड्यूकच्या विश्वस्तांनी या कायद्यास यूरोपीय मानवी हक्क न्यायालयात आव्हान दिले. सामाजिक न्यायासाठी एका खाजगी व्यक्तीची मालमत्ता दुसरीस सक्तीने देणे हेही सार्वजनिक हिताचे असू शकते, असे ठरवून न्यायालयाने १९८६ मध्ये ते अमान्य केले.

सदनिकाधारकांना हा हक्क मिळण्यास १९९३ साल उजाडले. हुजूर पक्षाच्या शासनाच्या त्या वर्षीच्या अधिनियमाने उरलेल्या मुदतीत ९० वर्षांची भर घालण्याचा हक्क दिला. भूभाडे ‘मिरीच्या एका दाण्याएवढे’, म्हणजे केवळ नाममात्र झाले. याच्या निषेधार्थ तत्कालीन ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांनी हुजूर पक्ष सोडला. २००२ च्या अधिनियमाने सदनिकेत प्रत्यक्ष राहण्याची अट काढून दोन वर्षांच्या मालकीची अट घातली.

मूल्यांकन : पट्टेदार लेखी नोटीस देतो व जमीनमालक प्रति-नोटीस देतो, मतभेद राहिल्यास न्यायाधिकरण निर्णय करते. मोबदल्याचे तीन घटक असत : बुडणाऱ्या भूभाड्याचे भांडवली मूल्य, लांबणीवर पडणाऱ्या प्रत्यावर्तनाचे आजचे मूल्य आणि संयोगमूल्य. मुदत वाढल्याने दोघांच्या हितसंबंधांच्या एकत्रित मूल्यात जी वाढ होते, ते संयोगमूल्य. २००२ च्या अधिनियमानुसार मुदत ८० वर्षांहून अधिक असल्यास ते धरावयाचे नव्हते. अन्यथा त्याचा निम्मा भाग जमीनमालकास द्यावयाचा होता. प्रत्यावर्तनाच्या सवलतीचा दर भूमि न्यायाधिकरणाने २००६ मध्ये स्पोर्टेली प्रकरणात सदनिकांसाठी ५ टक्के ठरविला. या दराने ३,००,००० पौंड किंमतीच्या सदनिकेच्या प्रत्यावर्तनाचे आजचे मूल्य ८० वर्षे उरली असता सु. ६,०५० पौंड, ६० वर्षे असता सु. १६,०६० पौंड आणि ४० वर्षे असता सु. ४२,६१० पौंड येते. विलंब पट्टेदारास किती महाग पडतो, हे यावरून दिसते. ज्यास मोबदला परवडत नाही, त्याचीच झीज पुढे वाढत जाते.

अलीकडील सुधारणा : ३० जून २०२२ पासून बहुतेक नव्या दीर्घ निवासी पट्ट्यांवर नाममात्र भूभाडेच आकारता येऊ लागले. २०२४ च्या अधिनियमात ९९० वर्षांची मुदतवाढ व संयोगमूल्याचे उच्चाटन यांची तरतूद झाली. मात्र ही कलमे संमतीबरोबर लागू झाली नाहीत. दोन वर्षांच्या मालकीची अट ३१ जानेवारी २०२५ रोजी रद्द झाली. जमीनमालकांचे आव्हान इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये फेटाळले.

महाराष्ट्रात सदनिकांची व्यवस्था निराळ्या पायावर उभी आहे. १९६३ च्या मालकी सदनिका अधिनियमाने जमीन व इमारतीतील आपले हक्क सदनिकाधारकांच्या संस्थेस हस्तांतरित करण्याचे बंधन प्रवर्तकावर घातले. जेथे जमीनच पट्ट्याची आहे, तेथे मुदतीचा प्रश्न एकेका सदनिकाधारकापुढे नव्हे, तर मुख्यतः संपूर्ण संस्थेपुढे येतो.