चांद्याचा बर्फ



चांदा आणि बर्फ ही दोन नावे एका वाक्यात घेतली की ऐकणारा हसतो, आणि त्याचे हसणे रास्त आहे. मे महिन्यात जेथे पारा ४५ च्या वर चढतो, दुपारी रस्ते ओस पडतात, त्या गावाला बर्फाशी काय कर्तव्य? तरीही दर हिवाळ्यात, पौषाच्या सुमारास चार दिवस उत्तरेचा वारा सुटला की आपल्याकडे एक मंडळी जागी होते. पूर्वी ही मंडळी सकाळच्या वर्तमानपत्रात किमान तापमानाचा आकडा शोधी; आता तो आकडा हातातल्या फोनवर घटकेघटकेला मिळतो. काल ९, आज ८, उद्या ७, मग परवा काय? हा हिशेब मनात सुरू होतो आणि शेवटी कोणीतरी हळूच म्हणतो, "यंदा बर्फ पडणार बघा."

ह्या मंडळींची मी थट्टा करणार नाही. आभाळाकडे पाहणारा माणूस मला नेहमीच आवडत आला आहे. शिवाय आशेला थोडा आधारही मिळत असतो. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर उतरला आणि ७ जानेवारी १९३७ चा ३.९ अंशांचा जुना उच्चांक, किंवा नीचांक म्हणा, मोडला. पुण्यात १७ जानेवारी १९३५ ला १.७ अंश नोंदले गेले होते. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे गवत पांढरे होते, मोटारींच्या टपांवर पापुद्रा धरतो, त्याची छायाचित्रे छापून येतात आणि मथळा असतो: "महाबळेश्वरात बर्फ". मग शून्यापर्यंत राहिलेले तीन अंश म्हणजे काही फार नव्हेत, असे चांद्याच्या माणसालाही वाटू लागते.

पण तेथेच घोटाळा आहे. वेण्णा तलावाकाठी जे दिसते ते आभाळातून पडलेले नसते. ते जागच्या जागी गोठलेले दंव असते. बर्फ पडायचा तर वर ढग हवा, ढगात हिमकण हवेत आणि ते जमिनीवर येईतो वाटेतली हवा इतकी गार हवी की ते वितळू नयेत. आपल्याकडे ह्या तीन गोष्टींची गाठ पडत नाही. हिमालयावर पश्चिमेकडून वादळी हवामानाची एक लाट येते, तिकडे बर्फ पडतो, ती पुढे सरकली की तिच्या मागोमाग कोरडा, गार वारा मध्य भारतात उतरतो. आभाळ निरभ्र होते. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब उघड्या आभाळाला देऊन टाकते आणि पहाटे आपण कुडकुडतो. ढग आला तर तो गोधडीचे काम करतो, ऊब अडवतो, आणि थंडी मोडते. म्हणजे ज्या रात्री थंडी असते त्या रात्री ढग नसतो, आणि ज्या रात्री ढग असतो त्या रात्री थंडी नसते. चांदा समुद्रसपाटीपासून जेमतेम १९० मीटर उंचीवर. वरून हिमकण निघालाच तर त्याला हजारो मीटर उबदार हवेतून खाली यावे लागेल. तो पाणी होऊनच येणार.

आभाळातून घनरूप पाणी आपल्याकडे येते ते गारेच्या रूपाने, आणि तेही थंडीत नव्हे तर थंडी सरताना. जमीन तापू लागलेली असते, समुद्राकडची दमट हवा आलेली असते, ढग उंच चढतात आणि त्यांत गार वाढत वाढत इतकी जड होते की वितळण्याआधीच जमीन गाठते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली तेव्हा कित्येक शिवारे पांढरी झाली होती, आणि "आमच्या गावाचे काश्मीर झाले" असे म्हणत लोकांनी छायाचित्रे काढली. ज्यांचा गहू-हरभरा त्या पांढऱ्याखाली होता त्यांनी ती काढली नसावीत.

असो. आपल्याकडे बर्फ पडत नाही, इतके सांगण्यासाठी व्याख्यानमालेने मला बोलावण्याची गरज नव्हती. मला सांगायचे आहे ते वेगळेच. चांद्यात बर्फ होता. थोडाथोडका नव्हे, डोंगराएवढा होता. आणि त्याचा पुरावा कागदावर नाही, दगडावर आहे.

मी कॉलेजात गेलेलो नाही. खाणकामगारांत काम करताना पडलेल्या प्रश्नांची उत्तरे वाचनालयात शोधली, तेवढेच माझे शिक्षण. कोळशाखाली काय आहे, हा असाच एक प्रश्न होता. त्याचे उत्तर भूगर्भ खात्याच्या फ्रान्सिस फेडन नावाच्या माणसाने १८७५ साली लिहून ठेवले आहे. चांद्याच्या नैर्ऋत्येस, पैनगंगेच्या पात्रात, इरई नावाच्या गावापाशी (आपल्या शहराजवळून वाहणारी इरई नदी वेगळी) त्याला चुनखडीचा जुना थर उघडा पडलेला दिसला. त्याचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झाला होता आणि त्यावर समांतर ओरखडे होते. वर मातीत रुतलेले धोंडेही असेच घासलेले, ओरखडलेले. नदीचे पाणी दगड गोल करते. असे सरळ, खोल ओरखडे ते काढत नाही. ते काढते हिमनदी. तिच्या तळाला चिकटलेले धोंडे ती आपल्या वजनाखाली खडकावरून फरफटत नेते. फेडनने आपल्या टिपणाच्या मथळ्यातच उष्ण कटिबंधातल्या भारतातील बर्फाचा पुरावा असे शब्द घातले.

ही गोष्ट सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीची. तेव्हा आपली भूमी आजच्या जागी नव्हती. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका ह्यांच्याशी जोडलेली ती दक्षिण ध्रुवाच्या अंगाला होती. त्या जोडभूमीला जगभर गोंडवनलँड म्हणतात. ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड झ्यूसने १८८५ साली हे नाव रूढ केले, आणि ते आले गोंडांच्या मुलखावरून. ज्या गोंड राजांचा परकोट आजही ह्या शहराला वेढून उभा आहे, त्यांच्या मुलखाचे नाव दक्षिण ध्रुवापर्यंतच्या भूमीला मिळाले. शाळेत आम्हाला हे कोणी सांगितले नाही.

मग बर्फ हटला, दलदल झाली, अरण्ये वाढली, गाडली गेली, आणि त्यांचा कोळसा झाला. वर्धा खोऱ्यातला आपला कोळसा त्या हिमयुगातल्या थरांच्या वर बसलेला आहे. १८७० च्या दशकात वरोऱ्याला खाण सुरू झाली तेव्हापासून येथला कामगार ज्या थराशी झुंजतो, त्याच्या खाली बर्फाने ओरखडलेली जमीन आहे.

आता एक योगायोग ऐका. अशा गोटाळ थरांवर बर्फाची करणी असल्याचा तर्क भारतात प्रथम ओरिसात तालचेर येथे १८५६ साली मांडला गेला. मांडणाऱ्या तिघांत विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे दोघे भाऊ होते. हेन्रीने पुढे दगड सोडून आभाळ धरले. १८७५ साली हिंदुस्थानचे हवामान खाते निघाले आणि तो त्याचा पहिला प्रमुख झाला. फेडनचे टिपण त्याच वर्षीचे. आणि न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तीही १८७५ सालीच. एका वर्षाने आपल्याला किती द्यावे!

१८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर पावसाचे भाकीत आधी कळेल काय, हा प्रश्न सरकारला भेडसावत होता. ब्लॅनफर्डने १८८४ साली मांडले की हिमालयावर उन्हाळ्यापूर्वी बर्फ अधिक पडला तर मैदानात कोरडे वारे वाहतात आणि पाऊस ओढ देतो. म्हणजे त्या काळी बर्फाची खरी वाट पाहणारा माणूस हवामान खात्यात बसलेला होता, आणि डोंगरांतून येणाऱ्या बर्फाच्या बातमीवर चांद्याच्या धानाचा अंदाज बांधला जात होता. पुढे हे नाते तितके पक्के नाही असे दिसून आले, पुष्कळ इतर कारणे पुढे आली. पण बर्फाचा हिशेब खात्याने सोडला नाही. खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. पुणेकर त्याला सिमला ऑफिस म्हणू लागले. महाराष्ट्राला बर्फाच्या गावाचे इतकेच काय ते सान्निध्य लाभले!

आणि शब्दांचे. हिवाळा म्हणजे मुळात हिमकाळ. 'हिव भरले' ह्यातले हिव तेच. गडचिरोली जिल्हा १९८२ साली आपल्यापासून वेगळा झाला. तेथल्या जंगलपट्टीत सर्वांत जास्त माहीत असलेला आजार हिवताप. ज्याने जन्मात बर्फ पाहिला नाही त्याच्या अंगात तापाच्या नावाने हिम शिरलेले आहे.

येथून पुढे मी माझ्या धंद्याच्या गोष्टीवर येतो. हौशी मंडळी ज्या आकड्यावर बर्फाची आशा धरतात तो आकडा मोजला कोठे जातो? एका पांढऱ्या, झरोक्यांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फूट उंच. जगभर अशीच पेटी असते, कारण सगळीकडचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता आले पाहिजेत. त्यात काही चूक नाही. पण निरभ्र, निवांत रात्री गार हवा जड होऊन खाली बसते, आणि गवताच्या पातळीवर पेटीपेक्षा तीन-चार अंश, कधी त्याहूनही अधिक, थंडी असते. म्हणूनच पेटीत ३ अंश असताना बाहेर दंव गोठते आणि फुलोऱ्यातली तूर करपते. शेतकऱ्याला हे पेटीशिवाय कळते.

चार फुटांवर कोणी झोपत नाही, श्रोतेहो. झोपणारा माणूस गवताच्या पातळीवर असतो. खळ्यावर धानाची जागल करणारा, खरेदी केंद्राबाहेर आपल्या पोत्यांना टेकून रात्र काढणारा, बांबूच्या कुपावर पाल्याच्या झोपडीत मुलाबाळांसह निजणारा, ह्यांची थंडी पेटीत येत नाही. खाणीतले वेगळेच. भूमिगत खाणीत वर्षभर उबारा असतो. रात्रपाळीचा गडी घामाने निथळत वर येतो आणि पहाटेच्या वाऱ्यात सापडतो. उघड्या खाणीत तर आठ तास तो वाराच सोबतीला. वस्तीत सिगडी पेटते ती वेचून आणलेल्या कोळशाची. थंड रात्री वरची हवा उबदार आणि खालची गार असली की धूर वर जात नाही, वस्तीवरच पसरून राहतो. दार लावून सिगडीशेजारी झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, असेही घडते. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. म्हणून सिगडी पेटती ठेवून दार बंद करू नका, एवढे तरी येथून घरी न्या.

काही वर्षांपूर्वी कुपावरच्या मजुरांसाठी आम्ही एका कंत्राटदाराकडे कांबळी मागितली. तो शिकलेला होता, हवामानाची त्याला आवड होती. त्याने फोन काढून दाखवला. "थंडीची लाट जाहीर झालेली नाही," तो म्हणाला, "किमान साडेदहा आहे." नियम असा की, मैदानी भागात किमान तापमान १० किंवा त्याखाली आले आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी उतरले, अथवा सरळ ४ किंवा त्याखाली गेले, तर थंडीची लाट म्हणावी. हा नियम हवामानशास्त्राच्या सोयीसाठी आहे. तो कांबळे नाकारण्यासाठी वापरता येतो हे मला त्या दिवशी कळले. एक बाई मागून म्हणाली, "साहेबांना सांगा, त्या साडेदहात एक रात्र निजून बघा." कांबळी मिळाली, पण दीड महिन्याने, तोवर मोहाची पाने गळू लागली होती.

कायद्याला थंडी ठाऊक नव्हती असे नाही. १९५१ च्या मळेकामगार कायद्यात, पाऊस आणि थंडीपासून बचावासाठी मालकाने छत्र्या, कांबळी, रेनकोट द्यावेत असे नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला होता. चहाच्या मळ्यात पाने खुडणाऱ्या बाईच्या अंगावरच्या थंडीचा विचार संसदेने केला. जंगलात बांबू तोडणारी बाई त्या व्याख्येत बसली नाही, कारण जंगल म्हणजे मळा नव्हे. थंडी मात्र दोघींना तीच.

आणि ही केवळ सोयीची बाब नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात भारतभरच्या मृत्यूंच्या नोंदी तापमानाशी ताडून पाहिल्या गेल्या. त्यात असे आढळले की कडाक्याच्या थंडीपेक्षा आणि कडाक्याच्या उन्हापेक्षाही मध्यम, रोजच्या थंडीने जाणारी माणसे अधिक आहेत, कारण तसे दिवसच अधिक असतात. ज्या रात्री वर्तमानपत्रात मथळा नसतो, ज्या रात्री हौशी मंडळी निराश होऊन झोपी जातात, त्या रात्री म्हातारी माणसे आणि छातीच्या विकाराने जर्जर झालेले खाणकामगार जातात.

तेव्हा हौशी मंडळींकडे माझे एक मागणे आहे. तुमच्याकडे तापमापक आहेत, वह्या आहेत, पहाटे उठण्याची चिकाटी आहे. ती आमच्या सभासदांत अजून आणता आली नाही. गच्चीवरच्या तापमापकाबरोबर आणखी एक गवतावर, उघड्या आभाळाखाली ठेवा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. वरोरा, ब्रह्मपुरी, गडचिरोली, अहेरी, सिरोंचा येथे तुमच्यासारखे कोणी असतील तर त्यांनाही सांगा. आमच्या कचेरीत मागच्या हिवाळ्यापासून एका निवृत्त फिटरने अशी वही ठेवली आहे. तिसऱ्या रकान्यात तो त्या रात्री आकाश कसे होते ते लिहितो, आणि चौथ्यात रात्रपाळीला कितीजण उघड्यावर होते ते. पुढच्या मागणीपत्राला आम्ही ती वही जोडणार आहोत.