‘कन्सिडर’ला ‘अबाउट’ का चालत नाही

इंग्रजीत ‘थिंक अबाउट’ बरोबर आणि ‘कन्सिडर अबाउट’ चूक. शाळेत हा नियम पाठ करून घेतात, पण कारण सांगत नाहीत. ते कारण या शब्दांच्या कुळात आहे.

‘थिंक’ हे इंग्रजीचं घरचं क्रियापद. जुन्या इंग्रजीत त्याच्यासारखंच दिसणारं आणखी एक क्रियापद होतं, त्याचा अर्थ ‘वाटणं, भासणं’. पुढे दोन्हींची रूपं एकमेकांत मिसळली. शेक्सपिअरच्या नाटकांत येणारं ‘मीथिंक्स’, म्हणजे ‘मला वाटतं’, हे त्या दुसऱ्या क्रियापदाचं वंशज.

1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं. दरबारात फ्रेंच आणि चर्चमध्ये लॅटिन अशी व्यवस्था कित्येक पिढ्या चालली, आणि विचारासाठीचे बरेच भारदस्त शब्द याच वाटेने आले. त्यांचे मूळ अर्थ पाहिले की नवल वाटतं, कारण ते डोळ्यांच्या आणि हातांच्या कामांचे आहेत. ‘कन्सिडर’मध्ये लॅटिन ‘सिदुस’, म्हणजे तारा, असल्याचं रोमन काळापासून सांगितलं जातं. तारे न्याहाळणं हा बहुधा त्याचा पहिला अर्थ. ‘कन्टेम्प्लेट’मध्ये ‘टेम्प्लुम’ आहे. रोममधले शकुन पाहणारे पुरोहित पक्ष्यांचं उडणं बघण्यासाठी एक क्षेत्र आखून घेत, ते टेम्प्लुम. देवळासाठीचा ‘टेम्पल’ हा शब्द त्यातूनच निघाला. ‘पाँडर’ आला ‘पोंदुस’वरून, म्हणजे वजनावरून, आणि पौंड त्याचाच भाऊबंद. ‘डिलिबरेट’मध्ये बहुधा ‘लिब्रा’, म्हणजे तराजू, आहे.

आता नियमाकडे वळू. आपण तारा पाहतो, धान्य तोलतो. ‘धान्याविषयी तोलतो’ असं कुणी म्हणत नाही. पाहायची किंवा तोलायची वस्तू क्रियापदाला थेट लागते. ‘कन्सिडर’ने लॅटिनमधला हा स्वभाव सोडला नाही. मधल्या काळात ‘कन्सिडर ऑफ’ लिहिलं जाई, ते टिकलं नाही. ‘पाँडर’ मात्र ‘ऑन’ आणि ‘ओव्हर’शी जुळवून घेतो. ‘थिंक’चं वेगळं: ‘थिंक ऑफ’ म्हणजे सुचणं, आठवणं, मनात येणं, ‘थिंक अबाउट’ म्हणजे तीच गोष्ट मनात घोळवणं.

या छटा नीट मांडायचं काम जॉर्ज क्रॅबने 1816 मध्ये केलं. त्याच्या समानार्थी शब्दांच्या कोशात जवळजवळचे शब्द एकत्र घेऊन त्यांच्यातला फरक समजावलेला आहे. 1852 मध्ये डॉक्टर पीटर मार्क रॉजेचा ‘थिसॉरस’ आला आणि त्याचंच नाव घरोघरी झालं. रॉजेने शब्द कल्पनांनुसार लावले, व्याख्या दिल्या नाहीत. ज्याला ते शब्द आधीच ठाऊक आहेत आणि ऐन वेळी आठवत नाहीत, त्याच्यासाठी ते पुस्तक अनमोल आहे. परकी भाषा शिकणाऱ्याला मात्र त्या ओळीतले सगळे शब्द सारखेच वाटतात, आणि त्यातला सर्वांत वजनदार उचलण्याचा मोह होतो. माझ्या मते अशाला क्रॅबची रीत जास्त उपयोगी.

निवड करताना मूळ चित्र आठवावं. ज्यूरी ‘डिलिबरेट’ करते, कारण तिथे दोन्ही बाजू तोलून निकाल द्यायचा असतो. समुद्राकडे बघत बसलेला माणूस ‘कन्टेम्प्लेट’ करतो. त्याला निकाल द्यायचा नसतो. नोकरीचा अर्ज ‘कन्सिडर’ होतो, म्हणजे निरखून पाहिला जातो. आणि संध्याकाळी जेवायला काय करायचं, यासाठी ‘थिंक अबाउट’च हवं.