धागा : हुकूम कोणाचा? सैनिकी घरांतील बालपण आणि पत्त्यांचा एक डाव

१९०१ सालचा सुमार. सातारा जिल्ह्यातील मसूर स्थानकावर काही मुले गाडीतून उतरली. अंगात इंग्रजी धाटणीचे नवे सदरे, डोक्यावर झगमगीत टोप्या, पायांत नवे जोडे, कमरेला रेशीमकाठी धोतरे. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते आणि सुट्टीत मुले त्यांना भेटायला निघाली होती. मुलांनी आधी पत्र धाडले होते, पण ते वडिलांच्या हाती पडलेच नाही. त्यामुळे स्थानकावर न्यायला कोणी आले नव्हते.

स्टेशनमास्तराने आस्थेने चौकशी केली. कपड्यांवरून मुले ब्राह्मणाघरची असावीत, असा त्याचा समज झाला होता. त्यांतल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाने क्षणभरही विचार न करता सांगून टाकले, आम्ही महार आहोत. मास्तराचा चेहरा पालटला. भाड्याच्या बैलगाड्या समोर उभ्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे ठरले आणि एक विचित्र तडजोड झाली. गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे.

तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. त्याचे वडील रामजी सकपाळ हे निवृत्त सुभेदार. आजोबा मालोजीही पलटणीतले आणि आईच्या माहेरीही लष्करी चाकरीचीच परंपरा. जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या लष्करी छावणीतला. छावणीत ज्या घराला ‘सुभेदारांचे घर’ म्हणून मान होता, त्याच घरातल्या मुलांना छावणीबाहेरच्या या स्थानकावर भाड्याची गाडी मिळत नव्हती.

हा प्रसंग पत्त्यांच्या भाषेत मांडला तर चमत्कारिक वाटेल. पण त्याला एक अस्सल देशी आधार आहे, आणि तो सावंतवाडीत सापडतो. तिथल्या दशावतारी गंजिफात दहा रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे एकूण १२० गोल पाने. त्यातली गंमत अशी की निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत हलका, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा आणि दश्शी हलकी. शिवाय दिवसा डाव रामाच्या राजापासून सुरू होतो आणि रात्री कृष्णाच्या. म्हणजे एखाद्या पानाचे मोल केवळ त्याच्यावरच्या ठिपक्यांवर ठरत नाही. ते कोणत्या रंगाचे आहे आणि डाव कोणत्या वेळी मांडला आहे, यावरही बरेच काही अवलंबून असते.

सैनिकी कुटुंबातील बालपणावर कोणी पत्त्यांचा खेळ रचायला घेतला आणि सोबत एखादी पुस्तिका काढली, तर नियमांची सुरुवात इथूनच करावी लागेल. वडिलांचा हुद्दा हे मुलाच्या हातातले पान. छावणीची वेस ओलांडली की त्याची किंमत उलटी मोजायची.

आता ‘हुकूम’ पाहू. मराठीत पत्त्यांतल्या सर्वश्रेष्ठ रंगाला हुकूम म्हणतात आणि पलटणीतल्या आज्ञेलाही. हा योगायोग खेळ रचणाऱ्याच्या पथ्यावरच पडेल. सैनिकाच्या घरात हुकूम नेहमी तिसऱ्याच कोणाच्या हाती असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे ब्रिटिश सैन्य घ्या. पलटण परदेशी निघाली की शंभर शिपायांमागे साधारण सहाच बायकांना जहाजावर जागा मिळे. हिंदुस्थानसारख्या दूरच्या ठाण्यासाठी हे प्रमाण थोडे सैल होते, इतकेच. कोणी जायचे हे ठरवायला चिठ्ठ्या काढत. प्रस्थानाच्या तोंडावर बायकांनी एकेक चिठ्ठी उचलायची. एखादीवर ‘जायचे’, बाकीच्यांवर ‘राहायचे’. मुलांचे भवितव्यही त्याच कागदावर. मागे राहिलेल्या बाईने पोरे घेऊन आपल्या गावच्या धर्मादायावर दिवस काढायचे, आणि नवरा परत येईल की नाही हे काळाने ठरवायचे. वरिष्ठांच्या संमतीने लग्न केलेला शिपाई असेल तरच बायको-मुले पलटणीच्या पटावर चढत. पटाबाहेरच्यांना चिठ्ठी उचलण्याचाही हक्क नव्हता. (मराठीत सोंगट्यांच्या खेळालाही पटच लागतो.)

जहाजावर जागा मिळालेल्यांचे हाल संपत, असे मात्र नाही. विवाहित शिपायांसाठी वेगळ्या खोल्या बांधण्याची पद्धत रूढ होईपर्यंत कुटुंबाचे घर म्हणजे बराकीतला एक कोपरा आणि त्यापुढे दोरीवर टाकलेली घोंगडी. पलीकडे इतर शिपाई. मुले तिथेच जन्मत आणि पुष्कळदा तिथेच दगावत. हेन्री लॉरेन्स याने १८४७ मध्ये शिमल्याजवळच्या सनावर येथे गोऱ्या शिपायांच्या मुलांसाठी निवासी संस्था काढली. १८५८ मध्ये निलगिरीत तसलीच दुसरी संस्था उभी राहिली. हेतू उदात्तच होता, पण मुलाच्या बाजूने पाहिले तर जगण्यासाठी आईबापांपासून दूर जावे लागत होते.

देशी शिपायांच्या मुलांची कथा याहून वेगळी, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. कंपनीच्या आणि पुढे राणीच्या मुंबई फौजेत महार सैनिकांची संख्या लक्षणीय होती. पलटणींतून शिपायांच्या मुलांसाठी शाळा चालत आणि त्यांत मुलींनाही शिकवले जाई. आंबेडकरांनी पुढे आपल्या लेखनात या लष्करी शिक्षणाचे महत्त्व आवर्जून नोंदवले आहे. स्वतः रामजी अशाच लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. गावच्या शाळेत ज्यांना उंबरठा ओलांडता येत नव्हता, अशा घरांत पलटणीमुळे अक्षर आले. अस्पृश्य समाजाच्या लिहित्या, बोलत्या पहिल्या पिढीत निवृत्त सैनिक आणि त्यांची मुले ठळकपणे दिसतात, त्यामागे हे कारण आहे.

मग हुकूम फिरला. ‘लढवय्या जाती’ नावाच्या सिद्धांताने हिंदुस्थानी लष्कराच्या वरिष्ठांना पछाडले आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती थांबवण्यात आली. भीमराव तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा. वरवर पाहता हा निर्णय प्रौढ पुरुषांच्या नोकरीविषयीचा होता. प्रत्यक्षात पुढच्या पिढीच्या शाळेचे दारही त्याने लोटले. भरती नाही म्हणजे पट नाही, पट नाही म्हणजे पलटणीची शाळा नाही.

याचा पहिला प्रतिकार दापोलीतून झाला. दापोली हे निवृत्त सैनिकांचे गाव. पेन्शनीनंतर रामजीही काही काळ मुलाबाळांसह तिथे राहिले. निवृत्त हवालदार गोपाळबुवा वलंगकर यांनी भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९४ मध्ये अर्ज तयार केला. त्याच दशकात दापोलीचे महार पेन्शनर आपल्या मुलांना तिथल्या शाळेत प्रवेश मिळावा यासाठीही झगडत होते. या दोन मागण्या एकाच डावातल्या आहेत, हे इतिहासाच्या पुस्तकांत सहसा एकत्र सांगितले जात नाही. पुढे साताऱ्याच्या शाळेत भीमराव बसायला घरून गोणपाटाचा तुकडा नेत असे आणि संध्याकाळी तो परत आणत असे. सुभेदाराच्या मुलाचे ते आसन.

रामजी आणि भीमाबाईंना चौदा अपत्ये झाली. त्यांतली पाच जगली. भीमराव चौदावा. नऊ पाने डाव सुरू होण्याआधीच गेली.

याच छावण्यांत दुसऱ्या टोकाचे बालपणही होते. १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला एका आयरिश तोफखाना सैनिकाच्या घरी मुलगा जन्मला. पुण्यात आणि मग रंगूनला वाढला. हाताखाली नोकरचाकर, भोवती मोकळी मैदाने. सैन्यखर्चात कपात झाली, वडिलांची जागा गेली आणि कुटुंब १९३० च्या दशकात लंडनच्या धुरकट गल्लीत येऊन पडले. छावणीतले ‘साहेबाचे पोर’ तिथे कोणीच नव्हते. हा स्पाइक मिलिगन, बीबीसीच्या ‘गून शो’मुळे गाजलेला विनोदकार. वडील आयरिश, जन्म हिंदुस्थानातला. त्यामुळे १९६० च्या दशकात त्याच्या ब्रिटिश नागरिकत्वावरच प्रश्न उभा राहिला आणि त्याने आयरिश पासपोर्ट घेतला. मसूरच्या मुलाशी त्याची तुलना करणे अन्यायाचे होईल. एकाचे पान वेशीबाहेर हलके झाले, दुसऱ्याला वेशीबाहेर माणूस म्हणूनच नाकारले गेले. पण मोल उलटण्याचा नियम दोघांनाही लागू पडला.

स्वतंत्र भारताने यातला एक प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला. बदली झाली की मुलाचे वर्ष बुडे, प्रांत बदलला की भाषा बदले, पुस्तके बदलत. १९६३ मध्ये २० पलटणी शाळा ताब्यात घेऊन केंद्रीय विद्यालयांची योजना सुरू झाली. देशभर एकच अभ्यासक्रम, म्हणजे मूल मध्येच उचलून दुसरीकडे बसवता येते. मित्र मात्र कोणत्याही अभ्यासक्रमाने सोबत येत नाहीत. खेळात हे आणणे सोपे आहे. ‘बदलीचा हुकूम’ निघाला की खेळाडूने आपली जागा आणि भिडू दोन्ही बदलायचे, हातातली दोनच पाने सोबत ठेवायची आणि बाकीची गड्डीत टाकायची. कोणती दोन ठेवायची, हा एवढाच निर्णय मुलाचा.

अवघड प्रश्न निराळाच आहे. मसूरच्या प्रसंगाचे पान करायचे का? ते पान हाती आले म्हणून दहा गुण वजा, असे लिहिता येईल का? उत्तर स्पष्ट नाही असेच द्यावे लागते. जे एका मुलावर जात म्हणून लादले गेले, ते दुसऱ्याला नशीब म्हणून वाटणे म्हणजे इतिहासाची चूक शिकवणे होय. चिठ्ठी हा योगायोग होता, स्टेशनमास्तराचा पालटलेला चेहरा योगायोग नव्हता. म्हणूनच खेळासोबत पुस्तिका लागते. जे खेळण्यासारखे नाही ते तिथे वाचायला ठेवायचे. आंबेडकरांनी हा प्रसंग स्वतःच्या टिपणांत लिहून ठेवला होता आणि ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने ती टिपणे १९९० मध्ये पुस्तिकारूपानेच छापली गेली.

साताऱ्याजवळ अपशिंगे हे गाव आहे, ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखले जाणारे. पहिल्या महायुद्धात या गावचे ४६ जवान कामी आले आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे स्मारक उभे आहे. त्या ४६ जणांच्या मागे घरी किती मुले होती, हा आकडा दगडावर नाही. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर त्या स्मारकाचे चित्र द्यावे आणि पाठची बाजू रेघा आखून कोरी सोडावी, म्हणजे गावोगावच्या वाचकांना घरच्या म्हाताऱ्यांना विचारून तिथे नावे भरता येतील.