महाडचं पाणी आणि केनेथ बर्कचे पाच प्रश्न

१९४५ साली अमेरिकेत केनेथ बर्क या समीक्षकाचं ‘अ ग्रामर ऑफ मोटिव्ज’ हे पुस्तक आलं. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथूनच पुढे पदवी न घेता बाहेर पडलेला हा माणूस. त्याचं म्हणणं असं की माणसं बोलतात ती नुसती माहिती देत नाहीत, नाटक उभं करतात. (आपल्याकडे ‘नाटक’ म्हटलं की खोटेपणा, मोर्चा काढला की आम्हालाही तेच ऐकवतात. बर्कला तसं म्हणायचं नाही.) कोणत्याही हकिगतीत पाच गोष्टी असतात: काय घडलं, कोणत्या परिस्थितीत, कोणी केलं, कशाने केलं, कशासाठी केलं. सांगणारा यातल्या कशावर भर देतो, त्यावरून दोष कुणाच्या माथी जाणार हे ठरतं. सगळा भर परिस्थितीवर दिला की करणारा अलगद सुटतो.

बर्कचे हे प्रश्न आपण महाडला लावून बघू.

२० मार्च १९२७. १९२३ चा बोले ठराव झालेला, महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलेलं. बाबासाहेबांसोबत हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली, पाणी प्यायली. मग हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या माणसांवर हल्ले झाले. ‘अफवेमुळे मारहाण झाली’ असं एका वाक्यात हे उरकता येतं. पण मित्रांनो, त्या वाक्यात कर्ता कुठे आहे? अफवेला हात नसतात, लाठी माणूस धरतो.

बर्कने १९३९ साली हिटलरच्या आत्मचरित्रावर लेख लिहून दाखवलं होतं की समाजाचा सगळा मळ एका समूहाच्या अंगावर ढकलून बाकीचे स्वतःला शुद्ध कसे करून घेतात. महाडला हे रूपक म्हणून घडलं नाही, अक्षरशः घडलं. मारणाऱ्यांना विटाळ झाला नाही, पाण्याला झाला! शेण-गोमूत्र ओतून तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं गेलं.

उरला हेतू. विरोधकांच्या लेखी भांडण पाण्याचं होतं. डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितलं की या पाण्यावाचून आमचं काही अडलेलं नव्हतं. आम्हीही माणसं आहोत हे ठरवायला तळ्यावर जायचं आहे. कृती तीच, पण हेतू उच्चारला आणि सगळी हकिगतच बदलली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, तेव्हा लाठीमागचं साधन कोणतं होतं तेही जाहीर झालं.

पुढे दिवाणी दावा दहा वर्षं चालला. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला, तो आमच्या हक्काचा विजय आहेच. पण त्या दाव्यातला वाद पाहा: तळं कुणाचं आणि रूढी किती जुनी. मारणाऱ्या हातांना त्या दाव्यात जागाच नव्हती.