तोडलेला ऐन पुन्हा कसा फुटतो? राबाच्या वादाची गोष्ट

१/ कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर ठाकुरवाडी नावाच्या अनेक वस्त्या आहेत. तेथील रानात तोडलेल्या ऐनाच्या बुंध्यावर नवे धुमारे दिसतात. या साध्या दृश्यामागे सुमारे १४० वर्षांपूर्वीचा एक मोठा वाद आहे.

२/ झाडांचे टहाळ तोडून वाळवायचे, भाताचे रोप करायच्या तुकड्यावर पसरून पेटवायचे, हा राब. त्यासाठी ऐनाला विशेष मान. भात व नाचणीची शेती त्यावर उभी होती.

३/ १८७८च्या वन कायद्यानंतर या तोडीवर निर्बंध आले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींच्या चौकशीसाठी १८८५मध्ये आयोग नेमला गेला. १८८७मध्ये अहवाल आला. छाटलेले झाड सरळसोट इमारती लाकूड देत नाही. म्हणून वनखात्याच्या दृष्टीने ते नुकसान. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र पुन्हा फुटणारा ठेवा.

४/ पण झाड फुटते कसे? बव्हंशी सालीखालच्या सुप्त डोळ्यांतून. कधी जखमेवर पेशींचा गाठीसारखा पुंजका वाढतो व त्यातूनही कोंब येतो. १९५७मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या ऊतींवर दाखवले की ऑक्झिन व सायटोकायनिन या संप्रेरकांच्या प्रमाणावर मूळ येणार की कोंब, हे ठरते.

५/ १९८०मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी ऊतिसंवर्धनाने सागाची रोपे तयार केल्याचे प्रसिद्ध केले. सह्याद्रीच्या रानातला गुण काचेच्या नळीत आला!

६/ २०११मध्ये जपानी संशोधकांना 'विंड-१' हे जनुक सापडले. जखम होताच ते जागे होते आणि स्थिरावलेल्या पेशींना पुन्हा विभाजनाकडे वळवते. मात्र त्या पेशी कोऱ्या पाटीसारख्या होतातच असे नाही. २०१०च्या एका अभ्यासानुसार त्या पुंजक्याची घडण उपमुळाच्या अग्राशी जुळते.

७/ मग आयोगापुढचा वाद विज्ञानाने मिटवला असता का? नाही. प्रत्येक नवी फूट साठवलेल्या अन्नावर होते; विसावा न देता तोडत राहिल्यास झाड खंगते. म्हणून खरा प्रश्न झाड जगते का, हा नव्हताच. दोन तोडींमध्ये किती काळ जाऊ द्यायचा आणि तो कोणी ठरवायचा, हा होता. जुन्या कागदांत 'जंगलाचे नुकसान' असे वाचाल, तेव्हा विचारा : नुकसान कोणाचे?