सावित्रीचा जलमार्ग आणि चवदार तळे

महाबळेश्वरच्या एकाच डोंगरमाथ्यावर कृष्णा आणि सावित्री उगम पावतात. कृष्णा पूर्वेस वळून सुमारे १४०० किलोमीटरचा प्रवास करते. सावित्री मात्र पश्चिमेचा कडा उतरून पोलादपूर, महाड, दासगाव अशी वाहत जेमतेम शंभर किलोमीटरवर बाणकोटच्या खाडीतून समुद्रास मिळते.

नदी आखूड, पण भरतीचे पाणी आत दूरवर चढत असल्याने गलबते दासगावला आणि लहान होड्या महाडपर्यंत येत. म्हणूनच घाटावरचा आणि समुद्रावरचा माल महाडच्या पेठेत एकत्र येई. बाणकोटचे मोल इंग्रजांनीही ओळखले आणि १७५६ च्या तहाने पेशव्यांकडून ते मिळविले.

याच जलमार्गाने डिसेंबर १९२७ मध्ये ‘पद्मावती’ बोटीतून डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह दासगावला उतरले व तेथून महाडला गेले. नदीने त्यांना अडविले नाही; अडविले होते ते गावातल्या तळ्याने. वस्तुतः चवदार तळे नगरपालिकेने १९२४ मध्येच सर्वांना खुले केले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी व त्यांच्या अनुयायांनी तेथील पाणी प्राशन करताच त्यांना मारहाण झाली आणि पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या मनाईमुळे तळ्यावर जाता आले नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय आला तो १९३७ मध्ये.

वाचकहो, डोंगरावरून समुद्रापर्यंत पोहोचण्यास सावित्रीला शंभर किलोमीटर पुरतात. ठरावापासून ओंजळीपर्यंत पोहोचण्यास माणसाला मात्र तेरा वर्षे लागली.