गोंड्याची वंशावळ

ठाणे-रायगडच्या आगरी-कुणबी घरांत झेंडूला गोंडा म्हणतात, आणि गोंड्याचं बी ही काही पैसे मोजून आणायची वस्तू नव्हती. दसऱ्याला दारावर चढलेलं तोरण तिथंच वाळून काथ्यासारखं व्हायचं. पावसाच्या तोंडावर कुणीतरी ते उतरवायचं, फुलं तळहातावर चुरडायचं आणि फिकट शेपटीच्या त्या काळ्या सुया परसात, विहिरीच्या कडेला भिरकावून द्यायचं. पाऊस लागला की आठवड्याभरात रोपं वर. बदलापूर पूर्वेच्या कात्रपमध्ये आता भातखाचरांच्या जागी इमारती आहेत, तरी कंपाउंडच्या भिंतीलगत किंवा नारळाच्या आळ्यात अशी रोपं दिसतात. फुलं लहान, बरीचशी एकेरी, वास उग्र. सोसायटीचा माळी ती तण म्हणून उपटतो. वंश पाहिला तर तो एका फार जुन्या घराण्यावर हात टाकत असतो.

हे घराणं मेक्सिकोचं. तिथले नाहुआ लोक या फुलाला सेंपोआलशोचित्ल म्हणत. देवळात, नाचात, औषधात ते होतंच. बेर्नार्दिनो दे साआगुन या स्पॅनिश फ्रायरनं सोळाव्या शतकात नाहुआ लोकांकडूनच त्यांच्या जगाची माहिती लिहून घेतली, त्यात या फुलाचं वर्णन येतं. आजही नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मेक्सिकोतली घरं आपल्या पितरांसाठी त्याच्या पाकळ्यांची वाट आखतात. आपला पितृपक्ष आणि दसरा एकत्र केले तर जे होईल, ते तिथं झेंडूच्या भरवशावर चालतं.

युरोपात पोचल्यावर मात्र त्याच्या जन्मगावाबद्दल भलताच घोळ झाला. जर्मन वैद्य लिओनहार्ट फुक्सनं १५४२च्या आपल्या वनस्पतिग्रंथात त्याचं चित्र छापलं आणि त्याला हिंदुस्थानचं ठरवून टाकलं. उंच, मोठ्या फुलाचा तो आफ्रिकन आणि बुटका मखमली तो फ्रेंच, ही इंग्रजी नावं तर अजून बियांच्या पाकिटांवर छापली जातात. दोघांचाही आफ्रिकेशी किंवा फ्रान्सशी जन्माचा संबंध नाही. लिनिअसनं १७५३ साली शास्त्रीय नाव देऊन टाकलं, पण तोवर फूल जगभर पसरून जिथं गेलं तिथलं होऊन बसलं होतं.

आपल्याकडे ते पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलं असं मानतात. अननस, मिरची, काजू ज्या वाटेनं आले तीच ही वाट. गोवा १५१० पासून त्यांच्या हातात होतं, वसई १५३४च्या तहानं आली ती चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये घेईपर्यंत. कात्रपच्या जवळून वाहणारी उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, बदलापूर-कल्याण करत वसईच्या खाडीला मिळते. त्या दोनशे वर्षांत खाडीच्या तोंडाशी पोर्तुगीजांच्या वाड्या-बागा होत्या आणि पाण्यावर गलबतांची ये-जा. बंदरापासून आतल्या गावापर्यंतचं अंतर बियांच्या दृष्टीनं फारसं नव्हतं.

पण आलेलं प्रत्येक फूल देवापर्यंत जात नाही. गुलबक्षीसुद्धा अमेरिकेचीच, तीही बी टाकलं की येते, रंगानंही देखणी. तरी ती परसातच राहिली. संध्याकाळी उमलून सकाळी मिटणारं फूल तोरणात काय टिकणार? झेंडूचं बूड घट्ट असतं, सुई आरपार जाते, पाण्यावाचून दोन-तीन दिवस रंग धरतो. त्यात तो हळदीच्या आणि भगव्या रंगाचा. भाताच्या लोंब्या आणि आंब्याच्या पानांच्या मध्ये त्याची जागा जणू रिकामीच ठेवलेली होती.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मात्र नकाशावरची गोष्ट. मेक्सिको शहर साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि बदलापूरही. दोन्हीकडे पाऊस जून ते सप्टेंबर. मोठ्या जातीचा झेंडू दिवस लहान होऊ लागले की लवकर कळी धरतो, म्हणजे फुलण्याची वेळ तो सूर्यावरून ठरवतो. इथं येऊन त्याला नवं घड्याळ लावावं लागलं नाही. पावसाच्या सुरुवातीला रुजायचं आणि पाऊस उतरताना फुलायचं, हे तो मूळ गावीही करत होता. अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावरच्या दोन सणांना त्यानं एकाच हिशेबानं गाठलं.

मग तीन-चारशे वर्षं निवड झाली ती घरातल्या हातांनी, कसला शास्त्रीय आव न आणता. तोरणात नेहमी मोठी, भरगच्च फुलं जायची, आणि पुढच्या वर्षी बी त्याच तोरणाचं. म्हणजे डोळ्यांत भरलेल्या झाडाचाच वंश चालायचा. जात मात्र शुद्ध कधीच नव्हती. मधमाश्या आणि फुलपाखरं शेजारच्या वाडीतला पराग आणत. त्यामुळे दर वर्षी थोडं पिवळं, थोडं नारिंगी, थोडं बुटकं असं मिसळ पीक येई. परदेशात जुन्या जातींचे हौशी जतनकर्ते दोन वाफ्यांत अंतर राखून शुद्धता सांभाळतात. आपल्या अंगणातली जुनी जात ही मुळातच एक मोकळी वस्ती होती.

तिची घडी विस्कटली ती विसाव्या शतकात, आणि सूत्रं पुन्हा अमेरिकेतून हलली. डेव्हिड बर्पी या बी-व्यापाऱ्याला झेंडूचं वेडच होतं. अमेरिकनांना त्याचा वास सोसवत नाही म्हणून त्यानं बिनवासाचा झेंडू शोधून १९३७ मध्ये बाजारात आणला. (दसऱ्याच्या सकाळी दादरच्या फूलबाजारात बिनवासाचा झेंडू घेऊन कुणी उभं राहून दाखवावं.) पुढे १९५४ मध्ये पांढऱ्या झेंडूच्या बियांसाठी त्याच्या कंपनीनं १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं. ते १९७५ मध्ये आयोवातल्या अ‍ॅलिस वोंक या घरच्या बागेत बी राखणाऱ्या बाईंनी मिळवलं. कंपनीच्या प्रयोगशाळेला न साधलेलं काम परसातल्या निवडीनं केलं.

आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये काढलेला 'पुसा नारंगी गेंदा' हा 'क्रॅकर जॅक' आणि 'गोल्डन ज्युबिली' या दोन परदेशी जातींचा संकर. तरी तो सरळ वाण आहे, बी राखता येतं. खरा खंड पाडला तो संकरित एफ-वन बियाण्यानं, म्हणजे दोन ठरावीक वाणांच्या संकराच्या पहिल्या पिढीनं. त्यात आई म्हणून लावलेल्या ओळीला पराग धरतच नाही, बाप ठरवून दिलेला असतो, आणि बी हजाराच्या मोजणीनं पाकिटात येतं. जुन्नर-पुरंदरच्या शेतकऱ्याला ते परवडतं, कारण सगळं शेत एका उंचीचं, एका रंगाचं आणि सणाच्या आठवड्यात तयार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी आलेल्या फुलाला कल्याणच्या बाजारात कुणी विचारत नाही. शेतकऱ्याला घरचं बी राखण्याचा हक्क २००१च्या कायद्यानं दिलेला आहे. पण या बियाण्याला कायद्याचं कुलूप लागतच नाही. पुढच्या पिढीत आजे-पणजे वेगळे होऊन बाहेर पडतात आणि शेताची एकसारखी शिस्त मोडते.

दसऱ्याच्या आधी लोकलचे डबे सजतात, कात्रपच्या दारोदार तोरणं चढतात, ती आता बहुतेक याच फुलांची. ती वाळवून पेरली तर उगवत नाही असं नाही. काही बी फोल निघतं, काही रुजतं आणि त्यातून उंच, बुटकी, एकेरी, दुहेरी अशी सगळी खिचडी येते. कुंडीत करून पाहायचं असेल तर हाराच्या भरवशावर राहू नये, कारण बाजारातल्या हारातलं फूल बऱ्याचदा बी पिकायच्या आत तोडलेलं असतं. एका चांगल्या झाडावरची दोन फुलं देठ तपकिरी होईपर्यंत राहू द्यावीत, सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवावीत आणि जूनमध्ये पेरावीत. एकेरी फुलांची रोपं निघाली तरी लगेच उपटू नयेत. गच्च दुहेरी फुलात पाकळ्यांनी मधली नळीची फुलं हटवलेली असतात आणि पराग त्या नळीच्या फुलांतच असतो. शेजारी एकेरी झाड असलं तर भरगच्च फुलालाही बी धरतं.